चंद्रकांत मण्याची अंगठी रोज घालता येईल का?

प्रश्न थोडक्यात असा: मुलीला जूनमधल्या वाढदिवसाला मूनस्टोनची, म्हणजे चंद्रकांत मण्याची, अंगठी द्यायची आहे. एका दुकानात चांदीतला 'रेनबो मूनस्टोन' दाखवला. दुसऱ्या दुकानात जवळपास त्याच मापाचा 'सिलोन ब्लू' दाखवला आणि भाव कितीतरी पट सांगितला. ऑनलाइन मात्र दोन्हींपेक्षा जास्त चमकणारा खडा दोन्हींपेक्षा स्वस्त दिसतोय. फरक नेमका कशाचा, अंगठी रोज घालता येईल का, आणि सोनाराकडून घडवून घ्यायची तर त्याला काय सांगायचं?

आधी ऑनलाइनच्या खड्याचा निकाल लावू, कारण तो सोपा आहे. तो बहुतेक ओपलाइट असणार, म्हणजे काच. घरी आला असेल तर काळ्या कापडावर ठेवा, निळसर दुधी दिसेल. मग खिडकीकडे धरून आरपार बघा, चांगला केशरी दिसेल. काचेत अतिसूक्ष्म कण सगळीकडे सारखे पसरलेले असतात. ते निळा उजेड बाजूला फेकतात आणि केशरी पुढे जाऊ देतात. दुपारचं आकाश निळं आणि मावळतीचं केशरी दिसतं, त्यातलाच प्रकार. मात्र चांगल्या निळ्या मूनस्टोनमधूनही आरपार बघताना किंचित पिवळट छटा येऊ शकते, म्हणून एकट्या या खुणेवर विसंबू नका. खरी खूण हालचालीची. काचेतला निळेपणा खडा कसाही फिरवला तरी तसाच राहतो. मूनस्टोनची झळक एका कोनात उजळते, घुमटावरून सरकते आणि पुढच्या कोनात विझते. विझत नसेल तर तो मूनस्टोन नाही. दहापट भिंगातून गोल बुडबुडे दिसले, तर प्रश्नच मिटला.

आता उरले दोन. हे दोन्ही अस्सल खडे आहेत, पण एक नाहीत.

मूनस्टोन हा फेल्डस्पार कुळातला. ग्रॅनाइटच्या ओट्यात जे पांढरट-गुलाबी दाणे दिसतात, त्यांचंच हे देखणं भावंड. यात दोन फेल्डस्पार असतात: पोटॅशियमवालं ऑर्थोक्लेज आणि सोडियमवालं अल्बाइट. जमिनीखाली प्रचंड तापमानात दोन्ही एकजीव असतात. मग खडक सावकाश थंड होतो तसं त्यांचं एकमेकांशी पटेनासं होतं आणि ते पातळ थरांत वेगळे होतात, एक थर याचा, एक त्याचा. आत शिरलेला उजेड या थरांवर विखुरतो आणि आपल्याला तो खड्याच्या पृष्ठभागाखाली तरंगताना दिसतो. थर फार पातळ असले की झळक निळी, जाड असले की पांढरी किंवा रुपेरी. निळ्याला भाव जास्त का, याचं मूळ इथे आहे. इतके पातळ आणि एकसारखे थर, तेही पाण्यासारख्या स्वच्छ अंगात, क्वचितच जमून येतात. या झळकेला शास्त्रात अ‍ॅड्युलॅरेसन्स म्हणतात. नाव स्वित्झर्लंडमधल्या अ‍ॅड्युला पर्वतावरून आलं. बाजारात कोणी हा शब्द वापरत नाही, तिथे 'शीन' नाहीतर 'फ्लॅश'.

रेनबो मूनस्टोन म्हणजे खरं तर पांढरं, पारदर्शकतेकडे झुकणारं लॅब्राडोराइट. कूळ फेल्डस्पारचंच, पण शाखा कॅल्शियम-सोडियमची. त्यातल्या थरांवरून परतणारे किरण एकमेकांत मिसळून काही रंग वाढवतात, काही मारतात. म्हणून त्यात निळ्यासोबत पिवळा, हिरवा, जांभळा असे पट्टे दिसतात. दुकानदाराने 'रेनबो मूनस्टोन' म्हटलं तर ती फसवणूक नव्हे, व्यापारातलं रूढ नाव आहे. रेनबोला 'सिलोन ब्लू' म्हणून विकलं, तर ती फसवणूक. आणि हे होतं, कारण उत्तम रेनबोत फक्त निळी झळक असलेले खडेही निघतात आणि नुसत्या डोळ्यांनी भल्याभल्यांना फरक सांगता येत नाही.

फरक वजनाने सांगता येतो. मूनस्टोनची घनता साधारण 2.56 ते 2.59, रेनबोची 2.70 च्या आसपास. खडा सुटा असेल आणि 0.01 ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा असेल, तर घरी करून बघा. आधी कोरड्या खड्याचं वजन घ्या. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. खडा बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका, दोरा हातात धरून ठेवा. काट्यावर आता जो आकडा येईल, तो खड्याने बाजूला सारलेल्या पाण्याचा. कोरड्या वजनाला त्याने भागा. समजा खडा 3.00 ग्रॅमचा, म्हणजे 15 कॅरेटचा आहे. आकडा 1.17 आला तर घनता 2.56, म्हणजे मूनस्टोन. 1.11 आला तर 2.70, म्हणजे रेनबो.

यात चुका दोन ठिकाणी होतात. खड्याला हवेचा बुडबुडा चिकटला की बाजूला सारलेलं पाणी जास्त दिसतं, घनता खोटी कमी येते आणि रेनबो मूनस्टोन ठरून बसतो. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका आणि खडा आधी बोटांनी ओला करून घ्या. दुसरी अडचण मापाची. अंगठीतला अडीच कॅरेटचा खडा जेमतेम अर्धा ग्रॅम भरतो. तिथे दोन्हींच्या आकड्यांतला फरक काट्याच्या चुकीएवढाच असतो, त्यामुळे हा प्रयोग पेंडंटच्या मोठ्या खड्यासाठी ठीक, अंगठीच्या खड्यासाठी निरुपयोगी. लहान खडा रत्नपरीक्षकाकडे न्यावा. त्याच्या रिफ्रॅक्टोमीटरवर (खड्यात शिरताना उजेड किती वाकतो ते मोजणारं यंत्र) मूनस्टोन 1.52 च्या आसपास दाखवतो, रेनबो 1.56 च्या आसपास. दोन मिनिटांचं काम. महाग खड्याला प्रयोगशाळेचा दाखला घ्यायचा असेल तर मुंबईत जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया आहे. दाखल्यावर 'लॅब्राडोराइट' लिहून आलं तर तुम्ही रेनबो घेतलाय, पावतीवर काहीही लिहिलेलं असो.

नकलांमध्ये काचेशिवाय पांढरा कॅल्सेडनी आणि दुधी स्फटिकही (क्वार्ट्झ) मूनस्टोन म्हणून खपवला जातो. त्यांच्यात दुधीपणा असतो, सरकणारी झळक नसते. त्यांची घनता 2.60 ते 2.65, म्हणजे मूनस्टोनच्या फार जवळ, तेव्हा तिथे वजनाचा प्रयोग फसतो आणि डोळ्यांवरच विसंबावं लागतं.

'सिलोन' या शब्दाचं काय? श्रीलंकेत दक्षिण-पश्चिम किनाऱ्याजवळ मीटियागोडा नावाचं गाव आहे. तिथे कुजून पांढरी माती झालेल्या खडकात उभ्या विहिरी खणून मूनस्टोन काढतात. निळ्या झळकेच्या मूनस्टोनची कीर्ती याच गावाने केली. म्यानमारमधूनही उत्कृष्ट निळा माल आला आहे. आपल्याकडे तामिळनाडूतल्या कांगेयम भागात पीच, तपकिरी, राखाडी, हिरवट असे रंगीत मूनस्टोन मिळतात. मादागास्कर आणि टांझानियाचा मालही बाजारात असतो. आज मात्र 'सिलोन' हा गावाचा पत्ता कमी आणि भाव चढवायचा शब्द जास्त झालाय. खाणीच्या नावाला पैसे देऊ नका, समोर दिसणाऱ्या झळकेला द्या. तीच झळक मादागास्करच्या खड्यात असेल तर तो तितकाच सुंदर आहे. (श्रीलंकेच्या देवळांसमोर अर्धचंद्राकृती कोरीव पायरी असते, तिलाही इंग्रजीत मूनस्टोनच म्हणतात. रत्नाशी तिचा संबंध नाही, पण नेटवर शोधताना ती हटकून मध्ये येते.)

आता किंमत कशावर ठरते ते. मूनस्टोनमध्ये आपण पैसे मोजतो ते झळकेचे. एरवी रत्नांत रंग, स्वच्छता, वजन असा क्रम लावतात. इथे झळकेचा रंग, तिचा जोर आणि ती कुठे पडते, या तीन गोष्टी आधी. अंगाची स्वच्छता त्यानंतर, वजन सगळ्यांत शेवटी.

झळक तपासायची पद्धत अशी. खडा दोन बोटांत धरून एकाच दिव्याखाली, नाहीतर मोबाइलच्या टॉर्चखाली हातभर अंतरावर न्या. घुमटाच्या टोकाकडे सरळ वरून बघा आणि खडा अगदी हळू पुढे-मागे, मग डावीकडे-उजवीकडे झुकवा. चांगल्या खड्यात झळक मध्यावर उगवते, घडीभर सगळा घुमट भरून टाकते आणि दुसऱ्या कडेला निघून जाते. वाईट कापलेल्या खड्यात ती फक्त एका कडेला, चिंचोळ्या पट्टीसारखी दिसते. अंगठी घातल्यावर हात वाकडा केल्याशिवाय ती दिसणारच नाही. ही चूक कापणाऱ्याची असते, बहुतेकदा मुद्दाम केलेली. खड्याचा सपाट तळ आतल्या थरांशी समांतर आला तरच झळक मधोमध येते. तसं करताना कच्च्या मालातला बराच भाग वाया जातो. वजन वाचवायला कापणारा तळ थोडा तिरका घेतो आणि झळक घसरून कडेला जाते. म्हणून मोठा पण कडेला चमकणारा खडा आणि लहान पण मधोमध चमकणारा खडा, यांत दुसराच घ्यावा.

घुमटाची उंचीही बघा. 10 बाय 8 मिलिमीटरच्या लंबगोल खड्याला साडेचार मिलिमीटरच्या आसपास उंची असली की झळक एकवटून येते, वजन अडीच कॅरेटच्या घरात बसतं. फार चपटा असेल तर झळक पसरट आणि मलूल. उलट काही खड्यांचा तळ पोटासारखा फुगीर सोडलेला असतो. ते वजन कोंदणाच्या आत लपतं, दिसत नाही, पैसे मात्र त्याचेही जातात. मूनस्टोन जवळजवळ नेहमी घुमटाकार, म्हणजे कॅब कापात येतो. फार स्वच्छ, पारदर्शक मालाला कधी पैलू पाडतात. छान दिसतो, पण त्यात झळक तुकड्यातुकड्यांत विभागली जाते. पट्ट्याऐवजी बारीक रेघ दिसत असेल तर तो मांजरडोळा मूनस्टोन, चौफुलीसारखी चांदणी दिसली तर तारा मूनस्टोन.

दुकानाच्या ट्रेला काळी मखमल का असते, हेही लक्षात घ्या. झळक म्हणजे आतून मागे फिरलेला उजेड. मागे काळं असलं की ती उठून दिसते, पांढरं असलं की पुसट होते. म्हणून खडा ट्रेवरून उचलून स्वतःच्या हाताच्या पाठीवर ठेवा, पांढऱ्या कागदावर ठेवा, दुकानाच्या दाराशी सावलीतल्या उजेडात न्या. तिन्ही ठिकाणी झळक टिकली तर खडा दमदार. मागून बंद कोंदण असेल तर त्यात काळा रंग किंवा चकाकता पत्रा घातलेला असू शकतो. ऑक्सिडाइज्ड चांदीच्या दागिन्यात काळी पाठ ही शैलीच आहे, त्यात गैर काही नाही. मात्र अशा दागिन्यातल्या खड्याला सुट्या निळ्या खड्याचा भाव देऊ नये.

अंगाच्या स्वच्छतेबद्दल बोलायचं तर या खड्याची खरी गोम म्हणजे गोमच. भिंगातून बघताना आत बारीक चिरा दिसतात. मधली एक रेघ आणि तिला दोन्ही बाजूंनी फुटलेले आखूड पाय, हुबेहूब गोमेसारख्या. जगभरचे रत्नपरीक्षक त्यांना याच नावाने ओळखतात. आतल्या दोन फेल्डस्पारच्या ओढाताणीतून त्या पडतात. ओळख म्हणून त्या चांगल्या, कारण काचेत त्या सापडत नाहीत. मजबुतीच्या दृष्टीने मात्र जागा बघा. खोल आत एखादी असेल तर चालेल. वर घुमटाच्या पृष्ठभागापर्यंत किंवा कडेपर्यंत आलेली असेल तर अंगठीसाठी तो खडा नको. तिच्यात मळ आणि साबण शिरतो, आणि एके दिवशी खडा तिथूनच सुटतो. भिंग वापरताना उजेड वरून नको, बाजूने तिरका मारा, म्हणजे चिरा चमकून उठतात. कधी अशा चिरा मेण किंवा राळ भरून दडवलेल्या असतात. खडा फिरवताना चिरेच्या जागी तेलकट चमक दिसली की संशय घ्या.

भाव रोज बदलतो, त्यामुळे पायऱ्या तेवढ्या सांगतो. साधा दुधी पांढरा मूनस्टोन कॅरेटला दोन आकडी रुपयांत मिळतो. पीच-राखाडीही साधारण त्याच पातळीवर. रेनबोचा चांगला, स्वच्छ, निळ्या झळकेचा खडा तीन आकड्यांत जातो. पाण्यासारखं स्वच्छ अंग आणि मधोमध गर्द निळी झळक असलेला खरा निळा मूनस्टोन चार आकड्यांत. मोठा मिळाला तर कॅरेटचा भावही चढतो, कारण एवढा मोठा निर्दोष तुकडा क्वचित निघतो. दुधी खड्यात तसं होत नाही. तिथे मोठं माप म्हणजे नुसतं जास्त वजन.

एक इशारा रत्तीबद्दल. कॅरेट म्हणजे 200 मिलिग्रॅम, याला जगभर एकच अर्थ. रत्तीचं तसं नाही. खड्यांच्या बाजारात रत्ती साधारण 180 मिलिग्रॅमच्या आसपास धरतात, सोनाराची जुनी रत्ती 120 च्या आसपास. 'सात रत्ती' ऐकून घरी गेलात आणि सोनाराच्या रत्तीने तेवढाच खडा मिळाला, तर एक तृतीयांश वजन हवेत गेलं. पावतीवर वजन कॅरेटमध्ये किंवा ग्रॅममध्ये लिहून घ्या, आणि खड्याचं नाव 'नैसर्गिक मूनस्टोन' की 'रेनबो मूनस्टोन (लॅब्राडोराइट)' तेही.

आता मुख्य प्रश्न, रोज घालायचा. याचं उत्तर नाही, असंच आहे. काठिण्य 1 ते 10 च्या मोह्स मापावर 6 ते 6.5. घरातल्या धुळीत वाळूचे, म्हणजे स्फटिकाचे कण असतात आणि त्यांचं काठिण्य 7. अंगठीवरची धूळ कोरड्या फडक्याने पुसली तरी चरे पडतात. वर्ष-दोन वर्षांत घुमटाचं टोक मळकट काचेसारखं दिसू लागतं. ते परत घासून उजळता येतं. दुसरा दोष तसा भरून येत नाही. फेल्डस्पारला फुटायच्या दोन ठरलेल्या दिशा आहेत, एकमेकींना साधारण काटकोनात. बेसिनच्या कडेवर, स्कूटरच्या हँडलवर किंवा लोखंडी दारावर नेमक्या त्या दिशेने ठोका बसला, तर खडा सुरीने कापल्यासारखा दुभंगतो. स्फटिकाचा टवका उडाला असता, तिथे मूनस्टोनचे दोन तुकडे होतात. मोती मूनस्टोनपेक्षा कितीतरी मऊ, तरीही असा दुभंगत नाही, कारण त्याची घडण चिवट असते. कठीण म्हणजे मजबूत नव्हे, हे इथे दिसतं.

म्हणून माझा सल्ला: हाच खडा पेंडंटमध्ये किंवा कानात द्या. तिथे ठोके बसत नाहीत, आणि चेहऱ्याजवळ हलत राहिल्याने झळकही जास्त दिसते. ब्रेसलेट तर अजिबात नको, मनगट दिवसभर टेबलावर आपटत असतं. कानातल्यांची जोडी घेताना दोन्ही खडे एकाच हातात शेजारी शेजारी धरून एकदम झुकवा. दोन्हींची झळक एकाच वेळी, एकाच दिशेने सरकली पाहिजे. एक उजळतोय आणि दुसरा विझतोय, असं असेल तर ती जोडी नव्हे. मण्यांची माळ असेल तर पटवेकऱ्याकडून प्रत्येक मण्यानंतर गाठ मारून घ्या. दोन मणी घासले की भोकांच्या कडेचे टवके उडतात.

मुलीचा अंगठीचाच हट्ट असेल तर ती सणासमारंभाची ठेवा आणि सोनाराला पुढचं सांगा.

खड्याचा आकार गोल किंवा लंबगोल. बदाम किंवा होडीचा आकार टाळा, त्याची टोकं सगळ्यांत आधी तुटतात. खड्याची कड कागदासारखी पातळ नको, निदान एक मिलिमीटर जाडी हवी. चार पंजांत बसवू नका. पंजा एकाच बिंदूवर दाब देतो, आणि तो बिंदू फुटीच्या दिशेवर आला की खडा बसवतानाच जातो. चारी बाजूंनी पट्टीचं पूर्ण कोंदण करा. पट्टी शुद्ध चांदीची, साधारण 0.3 मिलिमीटर जाडीची, कारण ती मऊ आणि हाताच्या दाबाने वळते. सोन्यात करायची तर 22 कॅरेट चालेल. 18 कॅरेट पांढऱ्या सोन्याची पट्टी कडक असते, ती वळवायला हातोडी लागते आणि हातोडी इथे नको. पट्टीची उंची खड्याच्या उताराला जरा धरून ठेवेल एवढीच. फार उंच घेतली तर ती घुमट झाकते आणि वळवताना सुरकुत्या पडतात.

बैठक अगदी सपाट हवी. खाली झाळकामाचा एखादा उंचवटा राहिला तर दाबताना खडा त्यावर तरफेसारखा उचलला जातो आणि मधून तडकतो. बहुतेक मोडतोड इथेच होते आणि दोष खड्याला दिला जातो. झाळकाम, आम्लाची धुलाई, घासणं, चकाकी हे सगळं आधी आटोपायचं, खडा सर्वांत शेवटी. दाबताना घड्याळाच्या काट्यासारखं एका टोकापासून गोल जायचं नाही. लंबगोलाचं एक टोक, मग समोरचं टोक, मग दोन्ही बाजू, अशा समोरासमोरच्या जोड्यांत थोडं थोडं दाबायचं. पाठ उघडी ठेवायची की बंद? खडा स्वच्छ आणि निळा असेल तर मी पाठ बंद आणि काळसर चांदीची करायला सांगेन, निळं खुलून येतं. पीच किंवा रेनबोला उघडी पाठ बरी. मूनस्टोनला चांदी आणि पांढरं सोनं शोभतं. पिवळ्याधमक सोन्यात निळी झळक हरवते, असं माझं मत. 1890 ते 1910 च्या सुमाराला युरोप-अमेरिकेत हा खडा फार लोकप्रिय झाला. पॅरिसचे रने लालिक आणि न्यूयॉर्कचे लुई कम्फर्ट टिफनी यांनी तो दागिन्यांत भरपूर वापरला.

जून महिन्याचा खडा म्हणून मोती आणि अलेक्झांड्राइटसोबत मूनस्टोनचं नाव घेतात, ते तुम्हाला माहीत आहेच. आपल्याकडे याला चंद्रकांत म्हणतात, जुन्या मराठीत सोमकांत. चांदण्यात त्याला पाझर फुटतो, ही कल्पना संस्कृत काव्यातून आपल्या ओव्यांपर्यंत आली. तो काव्यातला मणी आणि दुकानातला हा फेल्डस्पार एकच की नाही, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. चांदण्यात ठेवलेल्या मूनस्टोनवर दव पडलं तर तेवढंच पाणी सुटेल. मोत्याचं उपरत्न म्हणून घ्यायचा असेल तर तो तुमच्या श्रद्धेचा भाग. फक्त 'सिद्ध केलेला' म्हणून दुप्पट भाव देण्याआधी झळक, गोम आणि वजन वर सांगितल्याप्रमाणे बघा.

देखभाल सोपी आहे. कोमट पाणी, रिठ्याचं पाणी किंवा सौम्य साबण, आणि बाळाच्या दातांचा मऊ ब्रश. आधी पाण्याखाली धूळ वाहून जाऊ द्या, मग ब्रश लावा. कोरडं पुसू नका. दुकानातलं अल्ट्रासॉनिक यंत्र आणि वाफेचं यंत्र दोन्ही बंद. थरथरीने आतल्या चिरा वाढतात, अचानक उष्णतेने खडा तडकतो. उकळत्या पाण्यातून थंडात, असं कधीच नको. चांदी काळी पडली तर तिला उजळणाऱ्या द्रवात अंगठी बुडवू नका. मुद्दाम काळी केलेली चांदी त्यात पांढरी होते आणि सगळी शोभा जाते. नीलम, हिरा, अगदी अ‍ॅमेथिस्टसोबतही एका डबीत ठेवू नका, वेगळ्या मऊ पिशवीत ठेवा.

आणि पुढे कधी अंगठीचं माप बदलायची वेळ आली, तर खडा आधी काढून मगच ज्योत लावायला सांगा. 'ओला कापूस गुंडाळतो, काही होत नाही' असं उत्तर मिळालं तर अंगठी परत घ्या. एका बाजूला ज्योतीने तापलेलं कोंदण आणि दुसऱ्या बाजूला ओला कापूस, इतका तापमानातला फरक मूनस्टोन सोसत नाही. लेझरने जोडकाम करणारे कारागीर मोठ्या शहरांत मिळतात. त्यांच्या कामात उष्णता एका टिंबापुरती राहते, त्यामुळे खडा जागेवर ठेवूनही मापाचं काम होऊ शकतं. मजुरी थोडी जास्त पडते, खड्यापेक्षा मात्र कमीच.